आईचा प्लेअर आणि अम्माजींचा ‘ळ’

मंडळी, आज संध्याकाळी जवाहर नगरच्या बागेत जे ऐकलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आई साताऱ्याहून इथे, हिंदी मुलखात, माझ्याकडे आलीये. तिला हिंदी येत नाही. करमावं म्हणून मी तिला माझा जुना एमपीथ्री प्लेअर दिला. त्याची खोड अशी की बंद करून चालू केला की पुन्हा पहिलंच गाणं लागतं. ती एक भूपाळी आहे. शेजारच्या मारवाडी अम्माजी रोज आईशेजारी बसतात. एक इअरफोन आईच्या कानात, दुसरा त्यांच्या.

आज मध्येच सेल संपला. आई हिरमुसली. तेवढ्यात अम्माजींनी पुढची ओळ स्वतःच गायला घेतली! ‘ळ’ तर अगदी खणखणीत.

“अगंबाई, तुम्हाला ळ येतो?” आई.

“म्हारी बोली में भी तो है, बहनजी!”

आणि इथेच वाढलेली माझी लेक ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणते!

भर संध्याकाळी दोघींनी भूपाळी पूर्ण केली. घरी आल्यावर आई म्हणाली, “पुढच्या गाण्याचं बटण कुठलं ते दाखव. अम्माजींना ते गाणंही शिकवते.”

बटण दाखवलं, पण प्लेअर दुरुस्तीला टाकायचा विचार सोडला. तुमच्या प्लेअरची आहे का अशी एखादी लाडकी खोड?