रिकाम्या खुर्चीला माफी

"तुला तसं वाटलं असेल," ताई म्हणाल्या. "वाटणं वेगळं आणि घडणं वेगळं. कळतंय ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कित्येक महिन्यांनी मी तोंड उघडलं होतं. आणि उघडल्या उघडल्या हे ऐकलं.

चिंचवडला एका ट्रस्टचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत लोखंडी खुर्च्या गोलात मांडलेल्या असायच्या. दर शनिवारी दुपारी आम्ही तिथे बसायचो. पंधरा-सोळा वर्षांची पोरं-पोरी. कुणी सारखं रडायचं. कुणी घरातल्यांच्या अंगावर धावून जायचं. एकाने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. ताई पुण्याहून यायच्या. सुती साडी, हळू आवाज. "मला बाई नाही, ताई म्हणायचं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इथे मनातलं सगळं बोलायचं, कुणी हसणार नाही, कुणी रागावणार नाही. एकमेकांचं ऐकत गेलं की माणूस बरा होतो. नवी पद्धत आहे, असं डॉक्टर आबांना म्हणाले होते.

आबा म्हणजे माझे वडील. पिंपरीच्या एका कंपनीत भट्टीवर कामाला. आम्ही बौद्ध. दापोडीला रेल्वेलाइनीच्या कडेला चाळीत राहायचो. रात्रपाळी करून आलेले आबा न झोपता मला बसने चिंचवडला न्यायचे आणि बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या पेंगायचे. पोरगी बरी व्हावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी जेवत नव्हते. बोलत नव्हते. मोरीत बसून हात दगडाने घासायचे, सालपटं निघून रक्त येईपर्यंत. आईने दगड लपवला की भिंतीवर घासायचे. "का गं असं करतीस?" आई रडून विचारायची. मला सांगता यायचं नाही.

ते मी त्या शनिवारी गोलात बसून सांगितलं.

शाळेत गृहशास्त्राचा तास होता. पुऱ्या करायच्या होत्या. मी कणीक मळली. चांगली घट्ट मळली. बाई आल्या. विचारलं, "ही कुणी मळली?" मी हात वर केला. कणकेने भरलेला हात. बाईंनी परात उचलली आणि कचऱ्याच्या बादलीत उपडी केली. एका मुलीला म्हणाल्या, "परात राखेने घासून आण." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुसरी कणीक भिजवली गेली. पुऱ्या झाल्या. मुली खात होत्या. मी कोपऱ्यात उभी. बोटांवरची कणीक वाळत गेली. कुणी 'हात धू' म्हणालं नाही, आणि नळाला हात लावायचा मला धीर झाला नाही.

एवढं सांगितलं. तर ताई म्हणाल्या, वाटलं असेल.

मी म्हटलं, "घडलं."

"पाणी जास्त झालं असेल कणकेत. बाईंच्या मनात तसं काही नसेल. आणि हे बघ, इथे आपण जातपात आणायची नाही. हे मनाचं दुखणं आहे."

मी जातीचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनीच घेतलं.

मग त्यांनी एक रिकामी खुर्ची गोलाच्या मधोमध ठेवली. "तुझ्या बाई इथे बसल्यात असं समज. त्यांना म्हण, माझा गैरसमज झाला, मी तुम्हाला माफ केलं. बघ किती हलकं वाटेल."

मी उभी राहिले. मोठ्या माणसाने सांगितलं की ऐकायचं, हेच शिकले होते. शब्द ओठापर्यंत आले होते.

"ती खोटं नाही बोलत."

माझ्या शेजारची मेधा बोलली होती. प्राधिकरणाच्या बंगलेवाल्या वसाहतीत घर, वडील कंपनीत मोठे साहेब. ती स्वतःचे केस उपटायची, म्हणून डोक्याला कायम रुमाल. तिचा आवाज आम्ही जेमतेम ऐकला होता.

"इथून घरी गेलं की आई मला मागच्या दारी आंघोळ घालते," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "कपडे वेगळे भिजवते. मी हिच्या शेजारी बसते म्हणून. कुणाला सांगायचं नाही म्हणते."

मेधाची बोटं रुमालाखाली गेली होती. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी कुणी हात धरल्यासारखंही.

ताईंनी घड्याळ पाहिलं. "आज इथेच थांबू."

पुढच्या शनिवारी मेधा आली नाही. ताईंनी आबांना आत बोलावलं. इतक्या खुर्च्या रिकाम्या असून आबा उभेच राहिले, हात जोडून.

"हिच्यामुळे बाकीची मुलं बिथरतात," ताई म्हणाल्या. "पालकांच्या तक्रारी आल्यात. यायचं असेल तर शाळेचा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि ते सगळं मनाचे खेळ होते, हे हिने गटासमोर मान्य करावं. हिच्याच भल्यासाठी सांगतेय."

आबा माझ्याकडे वळले. "म्हन की बाय येवढं. बरी झालीस म्हंजे झालं. आमी न्हाई का गप ऱ्हात?"

आबांनी आयुष्यभर काय काय गिळलं होतं, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

"न्हाई म्हननार, आबा. मला आजारी म्हना, येडी म्हना. खोटारडी म्हनू नका." मग ताईंना म्हटलं, "रिकाम्या खुर्चीला काय सांगू? बाईंनाच आणा की समोर."

"ही अजून फार आजारी आहे," ताई आबांना म्हणाल्या.

दापोडीला बसमधून उतरल्यावर आबा म्हणाले, "कनीक फेकली, हे मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी काय केलं असतं, आबा?"

आबांनी टोपी काढली, तोंड पुसलं, चालायला लागले.

मेधाला शोधत मी एकदा प्राधिकरणात गेले. तिच्या आईने फाटकातूनच सांगितलं, ती इथे नसते. शेजारच्या बंगल्यात काम करणारी बाई हळूच म्हणाली, लांबच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलंय पोरीला. ती मला पुन्हा कधी दिसली नाही. तिच्या आजाराला मोठमोठी नावं दिली गेली असतील. तिच्या आईच्या बादलीभर पाण्याला कुणी आजार म्हटलं नसेल.

मी बरी झाले नव्हते. घास अजून घशात अडकायचा. पण एका सोमवारी कामावरची पाळी बुडवून आबा माझ्याबरोबर शाळेत आले. मी नको म्हटलं नव्हतं, या म्हटलंही नव्हतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत बाईंना बोलावलं. मी सगळं परत सांगितलं. या वेळी खुर्ची रिकामी नव्हती.

"मला नाही बाई आठवत असलं काही," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, "मग विषय संपला. हिची तब्येत बरी नाही, हिला दुसऱ्या शाळेत घाला."

आबांनी मान वर केली. "पोरगी काय म्हनती ते इचारा."

मी बाईंकडे वळले. आवाज कापत होता. पण तो आवाज माझा होता.

"मी शाळा सोडणार नाही. रोज येणार. बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणार. त्यांना आठवेपर्यंत."