कुनझेसनं न पाहिलेली खिंड

आमच्या थांगचिकमध्ये नऊ घरं, आणि नऊही घरांत पाळीपाळीनं पाहुणे उतरतात. पण वाट विचारायला सगळे यायचे ते कुनझेसच्याच स्वयंपाकघरात. सेरमो खिंड ओलांडून पलीकडच्या युलदो गावी कसं जायचं, हे तिच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता यायचं नाही.

"आधी घोड्याच्या पाठीसारखा दगड लागेल. मग ओढा दोनदा ओलांडायचा. तिसऱ्यांदा ओलांडलात तर चुकलात."

तिच्या खिडकीतून खिंड दिसते. कुनझेस मात्र खिडकीकडे पाठ करून बसायची आणि हात हलवत सांगायची. मी तिची धाकटी जाऊ, शेजारच्याच घरातली. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षी जुलैत कोलकात्याच्या दोन भादुडी बहिणी आल्या. दोघी साठी उलटलेल्या, डोक्याला माकडटोप्या. त्यांच्या गाइडनं आमच्या बागेतले कच्चे जर्दाळू पोटभर खाल्ले आणि सकाळी आमच्या कोरड्या संडासात जो शिरला तो बाहेरच येईना. दुसऱ्या दिवशी युलदोला त्यांची जीप यायची होती.

"कुनझेसदी, तुम्हीच चला ना," थोरली शेफालीदी म्हणाली. "तुम्हाला तर दगडन् दगड ठाऊक."

कुनझेस कणीक मळत होती, ती मळतच राहिली. तिचे यजमान मुतुप चहाच्या वाटीत माशी पडल्यासारखे टक लावून बघत होते.

"जा की," ते म्हणाले. "तेवढेच पाय मोकळे होतील."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच उठून उभी राहिले.

"नोमो येत असेल तर जाते," ती म्हणाली. नोमो म्हणजे धाकटी बहीण, म्हणजे मी; मी तिला आचे, थोरली बहीण, म्हणते.

त्या दोघी, आम्ही दोघी आणि सामान लादलेलं गाढव, असे निघालो. दगड आला. ओढा दोनदा ओलांडला. पुढे गुराख्याच्या पडक्या खोपीपाशी तीन वाटा फुटत होत्या. कुनझेस थांबली. मग खिंडीकडे पाठ करून तिनं डोळे मिटले, एकदा डावा हात हलवला, एकदा उजवा, आणि चार पावलं मागे मागे चालली. गाढवसुद्धा बघत राहिलं.

"आचे, हे काय चाललंय?"

"गप. मी वरून उतरतेय."

मधली वाट धरली, ती बरोबर निघाली. धापा टाकत माथ्यावर पोचलो, प्रार्थनेच्या पताकांपाशी रिवाजाप्रमाणे एकेक दगड ठेवला. शेफालीदीनं विचारलं, "याआधी कधी आला होतात इथे?"

कुनझेस गाढवाची दोरी आवळत होती. "कधीच नाही," ती म्हणाली.

मी खालीच बसले.

मग तिनं सगळं सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या पाहुणीनं विचारलं होतं, पलीकडे गेलीयस का? ही तोऱ्यात म्हणाली, कैकदा. आता शब्द मागे कसा घेणार? म्हणून युलदोकडून येणाऱ्यांना चहा पाजून ती सगळी वाट काढून घ्यायची, आणि उलटी करून जाणाऱ्यांना सांगायची.

"एकजणही तक्रार घेऊन परत आला नाही," ती म्हणाली.

"म्हणजे पोचले असतील," शेफालीदी म्हणाली.

"किंवा नसतील," धाकटी भादुडी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

शेफालीदीनं बिस्किटांचा पुडा फोडला. "एकतीस वर्षं लायब्ररीत काढली मी. न वाचलेली पुस्तकं फार छान आहेत म्हणून लोकांच्या हातात ठेवली. घ्या, बिस्किट घ्या."

कुनझेस बिस्किट हातात धरून पलीकडे बघत बसली. खाली युलदोची शेतं रुमालाएवढी दिसत होती. "आपल्यासारखीच आहेत की," ती म्हणाली. जरा हिरमुसली होती, पण उठायचं नाव घेईना.

उतारानं मात्र घात केला. तिकडून येणारे सगळे त्याला नुसता दमवणारा चढ म्हणत आलेले. ती मुरमाड घसरण आहे हे कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. निम्मा उतार आम्ही बसूनच उतरलो.

युलदोत, आमच्यासारखेच पाहुणे उतरवून घेणाऱ्या यांगदोलच्या घरी उतरलो. तिनं कुनझेसला चुलीजवळची मानाची जागा दिली. कुनझेस तीनदा भांडी घासायला उठली.

"बस गं, आज तू पाहुणी."

शेवटी ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

तेवढ्यात थांगचिकची वाट विचारायला दोघे पाहुणे आत आले. यांगदोल त्यांना सांगू लागली. खिंड तिच्या दारातून दिसत होती, आणि ती दाराकडे पाठ करून बसली होती. कुनझेसनं माझ्या कमरेत कोपर खुपसलं. पाहुणे गेल्यावर तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, "यांगदोल, आमच्या गावाला कधी आली होतीस गं तू?"

यांगदोलची पळी भांड्यातच थांबली. "हळू बोल," ती म्हणाली. "सासूबाई आत आहेत."

दुसऱ्या दिवशी बहिणींना जीपमध्ये बसवलं आणि परतताना आम्ही तिघी होतो. घसरण चढताना यांगदोलनं आम्हाला शिव्या घातल्या, माथ्यावर पोचल्यावर मात्र कुनझेसचा हात धरून उभी राहिली. आमच्याकडे चार दिवस राहिली, पाहुणी होऊन बसायची सवय नाही म्हणून मुतुपच्या हातचा चहा नाकारत राहिली.

आता दर वर्षी कापणी झाली की दोघी खिंडीत भेटतात. शिदोरी सोडून जेवतात, आणि यंदा कुणी कुणाकडे उतरायचं यावर अर्धा तास भांडतात.