बदामी सदऱ्यावरची हळद

हळदीच्या मांडवाबाहेर कमरेला पिस्तूल लावलेला साध्या कपड्यातला पोलीस दिसला, की मी आजही आधी त्याच्याकडे बघतो आणि मग नवरदेवाकडे. ही सवय एका प्रकरणाने लावली.

त्या वेळी मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. राज्यातले सरकार अचानक डळमळले होते. सत्ताधारी पक्षातला एक गट फुटला होता, विधानसभेत बहुमत सिद्ध करायचे होते आणि दोन्ही बाजू एकेक आमदार मोजून कुलपात ठेवावा तसा हॉटेलांत ठेवत होत्या. अशात आमच्या हद्दीतले आमदार एका संध्याकाळी हळदीच्या मांडवातून नाहीसे झाले.

आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी असते. लग्नसराईत आमदाराला एका संध्याकाळी पाच-सहा मांडव करावे लागतात. नवरदेवाला हळद लावायची, स्वतःच्या गालाला लावून घ्यायची, फोटो काढायचा आणि पुढच्या मांडवाकडे निघायचे. पण जेवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. आमदार न जेवता गेले तर चालते; त्यांचा पोलीस उपाशी गेला तर यजमानाला कमीपणा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असतानाच आमदारांच्या पक्षाचे शहरप्रमुख मोठा जमाव घेऊन ठाण्यात आले.

"अपहरणाचा गुन्हा घ्या."

"उचलताना कुणी पाहिलं?"

"पाहायला कशाला पाहिजे? फोन बंद, गाडी मांडवाबाहेर, माणूस गायब. आणि बरोबर तुमचाच पोलीस होता. त्याला विचारा, कितीला विकला गेला."

मी अपहरणाचा गुन्हा घेतला नाही. मिसिंग, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची तक्रार, दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि अंगरक्षकाला आत बोलावले.

हा शिपाई बारवी धरणाकडच्या एका पाड्यातला. आमदारांबरोबर बरीच वर्षे होता. त्यांच्या घरात त्याचा चहाचा कप वेगळा नव्हता, इतका तो घरचा झाला होता. अंगरक्षकाने ज्याच्या रक्षणाला नेमले आहे त्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही, हा त्याच्या नोकरीचा पहिला नियम. तो मोडला तर निलंबन ठरलेले.

"मी मांडवातच हुभा होतो साहेब. लाईट गेली, गर्दी झाली, तेवढ्यात साहेब दिसेनासे झाले," तो म्हणाला.

मी वीज कार्यालयात फोन लावला. त्या भागातली वीज गेलीच नव्हती. तरी मी त्याला लगेच काही बोललो नाही. खोटे सापडल्यावर घाई केली की माणूस दुसरे खोटे शोधतो.

दुपारी खबर आली. हळदीचे जेवण उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका सिंधी केटररचे होते. तो स्वतःच ठाण्यात आला, घाम पुसत.

"साईं, मेरा नाम बीच में मत लाना. आमदारसाब किचन के पीछे से खुद चलके गए. कोई जबरदस्ती नहीं. मुझे बोले, सेठ, मटण बढ़िया बना है. फिर दूसरी गाडी में बैठे."

"आणि त्यांचा पोलीस?"

"वो तो पंगत में बैठा था. भाकरी पे भाकरी. मैंने ही परोसा."

अंगरक्षकाला पुन्हा बोलावले. केटररचे सांगणे ऐकवले, तसा तो खाली बसला.

"साहेबांनीच खांद्याला धरून बशिवलं," तो म्हणाला. "बोल्ले, सकाळपासून उपाशी हायेस, जेवून घे, मी नवऱ्याला हळद लावून येतो. मी नको बोल्लो साहेब. तर बोल्ले, माझ्यासमोर लाजतोस काय? आता मी काय करनार व्हतो?"

"मग लाईटची गोष्ट कशाला?"

"जेवत होतो असं कसं सांगू? पोरगी बारावीला हाय माझी. नोकरी गेली तर?"

मी दुसरा जबाब लिहून घेतला. आमदार स्वतःहून गेले असे त्यातून दिसत होते, पण नाव मध्ये आणू नका म्हणणाऱ्या केटररच्या आणि एकदा खोटे बोललेल्या शिपायाच्या शब्दावर ते टिकणार नव्हते. मी एका महिला हवालदाराला घेऊन आमदारांच्या घरी गेलो.

त्यांच्या पत्नी शांत होत्या. मला ती शांतता खटकली. "हळदीला गेले ते परतलेच नाहीत," त्या म्हणाल्या. पाणी आणायला त्या आत गेल्या, तेव्हा मागच्या गॅलरीतून हवालदार बाई पांढऱ्या चेहऱ्याने आल्या.

"साहेब, बादलीत कपडा भिजत घातलाय. त्यावर रक्त आहे."

मी जाऊन पाहिले. साबणाच्या पाण्यात बदामी सदरा होता आणि त्याच्या खांद्यावर, छातीवर लाल डाग होते. हाच सदरा मांडवातल्या प्रत्येक फोटोत आमदारांच्या अंगावर दिसत होता.

"रक्त नाही ते," मी म्हणालो. "हळदीला साबण लागला की ती अशी लाल होते. मुलीच्या हळदीनंतर माझा सदरा मीच धुतला होता, तेव्हा मीही असाच घाबरलो होतो."

मी बादली वहिनींसमोर आणून ठेवली.

"वहिनी, ही हळद काल मांडवात लागली. ते परतले नाहीत, तर सदरा कसा परतला?"

त्यांनी बादली स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "आले, आंघोळ केली, बॅग भरलेली होती ती घेतली. मला म्हणाले, कुणी विचारलं तर आलोच नाही म्हण."

"आणि तुमचा पोलीस? सगळं गाव त्याला विकला गेला म्हणतंय."

"तो घरचाच आहे हो. हे आल्यावर बघतील ना त्याचं."

संध्याकाळपर्यंत परराज्यातल्या हॉटेलातून आमदारांची चित्रफीत आली: मी माझ्या मर्जीने आलो आहे. मिसिंगचा शोध थांबला. सरकार पडले, दुसरे आले. आमदार हार-तुऱ्यांत परतले, आणि त्याच सुमारास अंगरक्षक निलंबित झाला.

प्रकरणाचा शेवटचा जबाब घ्यायला मी आमदारांकडे गेलो. काम झाल्यावर म्हणालो, "साहेब, त्याला जेवायला तुम्हीच बसवलंत, एवढी एक ओळ घालतो. चौकशीत त्याला आधार होईल."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. "तसं लिहिलं तर मी लपून पळालो असा अर्थ निघेल. आत्ता नको. माझा माणूस आहे तो, मी बघतो."

त्यांनी पुढे काही पाहिले नाही. विभागीय चौकशीत माझा अहवाल होता, शिपायाचा दुसरा जबाबही होता. पण आधी खोटे बोललेल्याचे नंतरचे खरे कोण मानणार? नोकरी वाचली, वेतनवाढ रोखली गेली आणि त्याला मुख्यालयात पाठवले. तिथे सहकारी त्याला जेवणाच्या सुट्टीत विचारत, "काय रे, आज कुणाला सोडून आलास?" तो डबा घेऊन बाजूला जाऊन बसायचा, असे मला नंतर कळले.

या प्रकरणात मी चुकलो असे मला वाटत नाही. पण तपास पूर्ण झाल्याचे समाधानही कधी वाटले नाही. काय घडले ते मी शोधून काढले. ज्याच्या तोंडून ते निघायला हवे होते, त्याच्याकडून मात्र काढू शकलो नाही. सत्तेच्या त्या ओढाताणीत दोन्ही बाजूंच्या माणसांना शेवटी काही ना काही मिळाले. किंमत एकट्या शिपायाने मोजली, आणि त्याला तर विधानसभेत मतदानही करायचे नव्हते.

गेल्या लग्नसराईत त्याच शिपायाच्या मुलीची हळद होती. मी निवृत्त झालो होतो, तरी त्याने आवर्जून बोलावले. आमदारही आले, ते सगळ्याच मांडवांत जातात. यजमान शिपायाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय रे, बरा आहेस ना?" तो हसला, "साहेबांची कृपा." मग आमदार मागे वळून आपल्या नव्या अंगरक्षकाला म्हणाले, "जा, जेवून घे तू. मी हळद लावून येतो."

तो पोरगेलासा शिपाई पंगतीकडे निघाला. यजमानाने त्याला वाटेतच अडवले, स्वतः ताट वाढून आणले आणि त्याच्यासमोर धरून उभा राहिला.

"बसू नको," तो म्हणाला. "हुभ्यानंच खा. नजर तिकडं ठेव. ताट मी धरतो."

मुलीला हळद लागत होती, बायका बापाला हाका मारत होत्या. त्या पोराचे जेवण संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.