शेवटच्या वाडीतला तवा

डोंगरातल्या देवाच्या चोरीची ती घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. हा तपास मी लावला, हे सांगायला मला कसली लाज?

पारनेरकडच्या डोंगरात एक लहान गाव, वरच्या अंगाला त्याच्या वाड्या. यात्रा तोंडावर आली अन् देवळातून देवाचा चांदीचा मुखवटा गेला. कुलूप फोडलेलं नव्हतं आणि किल्ली गुरवाकडे. खबऱ्यानेही त्याचंच नाव दिलं. पूजा काढून घ्या, गावाबाहेर काढा, म्हणत लोक त्याच्या दारात जमले. साहेबांचा फोन आला, अटक करा. गुरव मला एवढंच म्हणाला, "दादा, बेडी घाला, पन देवळापुढून नेऊ नका."

वाड्या बघितल्याशिवाय याला हात लावणार नाही, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब चिडले. चिडू द्या म्हटलं.

त्या गावाचा रिवाज असा की देव जागेवर नसला की कुणी चुलीवर तवा ठेवत नाही. मुखवटा उजळायला सोनाराकडे गेला तरी घरोघरी नुसत्या घुगऱ्या. त्या दिवशीही खाली गावात घुगऱ्याच शिजत होत्या. मधल्या वाडीत तेच. शेवटच्या वाडीत चढून गेलो तर भाकरीचा वास. एका आजीने पाट दिला, गरम भाकरी अन् ठेचा वाढला. मी पोटभर जेवलो, हात धुतला आणि विचारलं, "आजी, देव गेलाय. मग तवा कसा चढवला?"

आजीने दाराकडे बघितलं. दारात उभा असलेला वाडीचा कारभारी मान खाली घालून म्हणाला, "देव आमच्यात हाय, सायेब. दरसाल पालखी खालच्या ओढ्यावरनं माघारी फिरती. आमी कुनाचे मग? किल्ली गुरवाच्या कोनाड्यात आसती, समद्यांना ठावं हाय. आमीच आनला त्याला."

"देव घरात आसताना उपाशी का ऱ्हावं?" आजी म्हणाली. "तुमीबी जेवलाच की."

मुखवटा कणगीत होता, हळदकुंकू लावलेला. पंचांसमक्ष जप्त केला. गुन्हा तो गुन्हा, कारभाऱ्यावर कागद झाला. मग खाली येऊन, गुरव निर्दोष आहे हे दिसावं म्हणून, त्याला बेडीशिवाय, मुद्दाम देवळापुढून, सगळ्या गावादेखत चालवत नेलं.

चोर सापडला तरी चोरी का झाली ते मिटवल्याशिवाय तपास संपत नाही, हे मी तिथे शिकलो. देव कोर्टातून सुटून आल्यावर गावाला बसवून सांगितलं, पालखी वर न्या. कुरकुरले, पण नेली. आता देव एक मुक्काम वरच्या वाडीत असतो आणि त्या दिवशी खालचं गाव घुगऱ्या खातं.

मी गेलो तर वर जेवतो.