माझी दारू नवसाने सुटली नाही

डॉक्टरांनी माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला बोटं दाबली आणि म्हणाले, "हे सिरोसिस आहे." सिरोसिस म्हणजे दारूने यकृत कडक होणं. जो भाग कडक झाला तो पुन्हा मऊ होत नाही. "उरलेला वाचवायचा असेल तर एक थेंबही नको. आणि हे नुसत्या औषधाने व्हायचं नाही, सरदार."

आमच्या या बेटावर ऊसमळ्यात मजुरांवर देखरेख करणाऱ्याला सरदार म्हणतात. मी बों अक्योय गावचा सरदार होतो, शिवाय मराठी मंडळाचा अध्यक्ष. सत्तरच्या दशकातली गोष्ट. संध्याकाळी मुलांना बाराखडी शिकवायचो आणि तिथून थेट कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात जायचो. तिथे रमची छोटी बाटली, तोपेत, माझ्यासाठी न मागता काढून ठेवलेली असे.

मला हॉस्पिटलात दाखल केलं, तिथे तिसऱ्या दिवशी विथड्रॉवल सुरू झाला. शरीराला सवयीची झालेली दारू एकदम तुटली की असं होतं. माझे हात कापत होते. चादरीवर मुंग्या दिसत होत्या आणि मी त्या झाडत होतो. शेवटी नर्सने माझी मनगटं कापडाने खाटेला बांधली. तुमच्या माणसाचं असं झालं तर घाबरू नका, पण दारू घरच्या घरी अशी तोडायलाही जाऊ नका. डॉक्टरांच्या नजरेखालीच तोडा.

निघताना त्याच नर्सने एक चिठ्ठी दिली. बो बासें गाव, चर्चच्या मागची खोली, गुरुवारी पाच वाजता. मी ती बुटात लपवली. मंदिरात पहिल्या रांगेत बसणारा माणूस चर्चच्या मागे कसा जाईल?

तीन आठवडे चिठ्ठी बुटातच राहिली. चौथ्या आठवड्यात मी चिनी दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो, तिथून मागे फिरलो आणि बस पकडली.

तिथे डॉक्टर असेल असं वाटलं होतं. होती सहा माणसं, दोन लाकडी बाक आणि चहाची किटली. बंदरावरचा एक धिप्पाड क्रेओल हमाल उठून म्हणाला, "माझं नाव ज्यां. मला पिणं थांबवता येत नाही. आज अकरा दिवस झाले." कोणी हसलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मीही क्रेओलमध्येच, बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, बोललो. मराठीत मला भाषणं करता येत होती, कबुली देता येत नव्हती.

घरी सांगितलं, दर गुरुवारी इंजेक्शन असतं.

इकडे माझ्या बायकोने, येसूने, गणपतीला नवस केला होता. नवरा सुधारला तर मूर्तीमागे नदीपर्यंत अनवाणी चालेन. वर्षभर मी प्यालो नाही. विसर्जनाला ती डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालली. सरदाराची दारू गणपतीने सोडवली, असं मंदिरात सर्वांसमोर सांगून मला हार घालण्यात आला. मी हात जोडले. पुढे कोणी विचारलं की मीही तेच सांगू लागलो.

येसूचा धाकटा भाऊ तुकाराम उसाची लॉरी चालवायचा आणि माझ्याइतकाच प्यायचा. एकदा त्याने मला मंदिरामागे गाठलं.

"दाजी, लोकांना सांगता ते राहू द्या. मला सांगा, काय केलंत?"

चिठ्ठीवरचा पत्ता मला पाठ होता. मी म्हणालो, "नवस कर. मनापासून कर."

त्याने केला. विसर्जनानंतर नऊ दिवस टिकला. पुढच्या वर्षी पुन्हा केला. तिसऱ्या वर्षी महिनाभर निघाला. मग त्याने मंदिरात येणंच सोडलं, आणि एके दिवशी लॉरी रस्ता सोडून उसात घातली.

मी भेटायला गेलो तर तोच वॉर्ड होता. त्याची मनगटं तशीच कापडाने बांधलेली. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, बस, चर्चच्या मागची खोली, इंजेक्शनची थाप.

तो छताकडे बघत म्हणाला, "तीन वर्षं मला वाटत होतं, देवाने तुमचं ऐकलं, माझं नाही."

मी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"बस किती वाजता असते?" त्याने विचारलं.

येसूलाही मी त्याच दिवशी सांगितलं. दोन दिवस तिने मला जेवण वाढलं, पण शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या नवसाचं मी आणि गणपती बघून घेऊ. तुम्ही माझ्या भावाला गुरुवारी एकटं सोडू नका."

नाही सोडलं. तो दोनदा घसरला, दोनदा परत आला. त्यानंतर मात्र प्यालेला नाही.

गावातल्या आणखी काही पिणाऱ्यांना यायचं होतं, पण दोन बस बदलून बो बासेंला जाणं सगळ्यांना जमेना, म्हणून आम्ही मंडळाकडे मराठी वर्गाची खोली मागितली. ती मिळाली. कशासाठी हवी ते मी सांगितलं, स्वतःची गोष्ट मात्र तेव्हाही गिळली. गावात अजून आया पोरांना सरदाराच्या नवसाची गोष्ट सांगतात. म्हणून आता म्हातारपणी हे लिहितो आहे. तुकाराम म्हणाला, "लिहाच, दाजी. नाहीतर तुमच्या तेराव्यालाही तीच गोष्ट ऐकावी लागेल मला."

गणपतीवर माझी श्रद्धा आहे. त्याच्या नावाखाली मी माझी लाज झाकली, आणि त्यात एका माणसाची तीन वर्षं गेली. ती मला परत देता येत नाहीत. यकृत आहे तेवढं टिकून आहे, डॉक्टर समाधानी आहेत. त्यांचा, त्या नर्सचा आणि ज्यां हमालाचा मी ऋणी आहे. रात्री झोप लागते.

तुमच्यापैकी कोणाला गरज असेल तर गुरुवारी पाच वाजता मराठी वर्गाच्या खोलीत या. फळ्यावर मुलांची बाराखडी असते, ती पुसू नका. चहा असतो. लांब राहत असाल तर निरोप धाडा, तुकाराम लॉरी घेऊन येईल. आता तो ती सरळ चालवतो.