शिंगाची सपाट बाजू

मराठवाड्याच्या भूमीत कोट्यवधी वर्षांचा इतिहास निद्रिस्त आहे, हे वाक्य प्राचार्यांनी माझ्याकडून दालनाच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहवून घेतलं. आत दाखवायला जो इतिहास होता, तो काही हजार वर्षांचा होता आणि गंगापूरहून एसटीनं, खताच्या गोणीतून आला होता.

औरंगाबादच्या एका कॉलेजच्या म्युझियममध्ये मी चित्रकार होतो. मुदतीवर. नामशेष प्राण्यांचे तक्ते काढायचे आणि शाळाशाळांतून दाखवत फिरायचं, हे काम. गोणीत होतं गोदावरीकाठी सापडलेलं, दगड झालेलं शिंग. नेमकं सांगायचं तर शिंगाचा गाभा. शिंगाच्या आत हाड असतं, वरचं आवरण नखासारखं. आवरण कुजतं, हाड राहतं. हा जुन्या काळच्या रानम्हशींपैकी एक नर, असं तज्ज्ञांनी लेखी कळवलं होतं. तेवढ्यावरून मला भिंतभर जनावर उभं करायचं होतं. शनिवारी मंत्री पडदा ओढणार होते.

प्राचार्यांना डायनासोर हवा होता. तो इथं सापडलेला नाही म्हटल्यावर ते म्हणाले, निदान उग्र तरी करा. मी मान उंच केली, शिंगं भाल्यासारखी पुढं काढली. ते खूश झाले. मी झालो नाही. मापं घेऊन गाभा चित्रातल्या डोक्यावर बसवला की बुडाशी फट राहायची. जेवताना, सायकलवर, दाढी करताना ती फट डोळ्यांपुढं यायची. शेवटी मी तिथं सावली रंगवली. चित्रकाराला काही कळेनासं झालं की तो सावली टाकतो.

ज्यांच्या शेताच्या कडेला शिंग सापडलं ते कडूबाळ, निमंत्रणपत्रिका घेऊन गुरुवारीच हजर झाले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे कोण म्हनायचं?"

"हल्याच, मामा. जुना." हल्या म्हणजे रेडा.

"हल्याची शिंगं अशी फुडं असत्यात व्हय? ह्यो बैल झाला की."

त्यांनी टेबलावरचा गाभा उचलून त्यावरून अंगठा फिरवला. "ही सपाट बाजू हाय ना, ती कपाळाच्या रेघंत येती. तुम्ही उलटं धरलंय. म्हैस कधी पाह्यली नाय का, सायेब?"

पाहिली होती. रोज सकाळी. पण चित्र काढताना परदेशी पुस्तकं पाहिली होती.

मी गाभा फिरवला. फट गेली. शिंग कपाळाच्या रेषेत, आडवं मागं गेलं.

लगेच प्राचार्यांना गाठून सगळं सांगितलं.

"मंत्र्यांना म्हैस दाखवू?" त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. सही सोमवारी करायची आहे."

शुक्रवारभर मी ब्रश धूत बसलो. धुतलेलेच पुन्हा धुतले. शनिवारी सकाळी प्राचार्य पाहुण्यांना आणायला चिकलठाण्याला विमानतळावर गेले आणि मी शिडी लावली. दोन तासांत शिंगं मागं गेली. मान बदलायला वेळ नव्हता, त्यामुळे जनावर कुणीतरी हाक मारल्यासारखं दिसू लागलं. रंग ओला होता. पडदा चिकटू नये म्हणून तो वीतभर पुढं बांधला.

पडदा सरकला. मंत्री म्हणाले, "ही तर म्हैस."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालच्या फरशीकडे. मागच्या रांगेतून कडूबाळ म्हणाले, "हल्या हाय सायेब. आमच्या गावचा."

मंत्री हसले आणि गोठ्यात गेलेल्या आपल्या बालपणावर बराच वेळ बोलले. आभार मानताना प्राचार्यांनी सांगितलं की, भडकपणा टाळायचा हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण.

सोमवारी सही झाली, सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांची. तेव्हापासून एक नियम पाळला. नामशेष जनावर काढलं की आधी ते जनावरं पाळणाऱ्याला दाखवायचं, मग प्राध्यापकाला.

चित्र अजून भिंतीवर आहे. शाळांच्या सहली येतात. मुलांपेक्षा शिक्षकच जास्त वेळा विचारतात, ही दूध किती द्यायची?

खाली फलकावर मोठ्या अक्षरांत 'नर' असं लिहिलेलं आहे.