दगडापासून दोन फूट वर

कय्युम मिस्त्रीचं माप चुकलं असं कुणी म्हटलं असतं, तर माजलगावच्या लोकांनी त्यालाच खुळ्यात काढलं असतं. चाळीस वर्षांत त्याची एक भिंत ओळंब्याबाहेर गेली नव्हती. घरं मात्र बांधली ती मालकांच्या हौसेची, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी सिमेंटची खोकी. पश्चिमेला एवढी मोठी खिडकी नको, असं तो सांगून बघायचा. मालक म्हणायचे, मिस्त्री, तुम्ही आपली थापी चालवा. अशी कितीतरी मतं पोटात ठेवून तो साठीला टेकला.

त्याच्या बायकोचं, नसीमचं, माहेर धरणात गेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. गाव बुडालं, आईची कबर बुडाली. वर उरली ती तिच्या अब्बांची काठावरची अर्ध्या एकराची पट्टी, आणि ती पुढं नसीमच्या वाट्याला आली. "मला तितंच राहायचंय," ती म्हणाली. "सकाळी दार उघडलं की पाणी दिसलं पायजे. अम्मी तितं हाय." लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि बाईनं तोवर काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

कय्युम आधी आठ दिवस त्या रानात नुसता बसून राहिला. वारा कुठून येतो, बाभळीची सावली दुपारी कुठे सरकते, पाहत राहिला. मग चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर घर आखलं. उतार तोडला नाही, घरच तीन टप्प्यांनी खाली उतरवलं. बाभूळ राहू दिली, भिंत वळवली. रानातलेच दगड घेतले, पश्चिमेची भिंत बिनखिडकीची ठेवली आणि पाण्याच्या बाजूला लांबच लांब ओसरी काढली. लोक हसले, जगाची घरं सरळ बांधली आणि स्वतःचं वाकडं! हसेनात का. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या मनासारखं बांधत होता.

धरण काठोकाठ भरल्यावर पाणी कुठवर येईल, ते दाखवणारा जुना सरकारी दगड रानाच्या कडेला होता. त्याच्या माथ्यावरून कय्युमनं पाण्याच्या नळीनं लेव्हल घेतली आणि सगळ्यात खालच्या टप्प्याचं जोतं दोन फूट वर धरलं. शेजारचा म्हातारा शहादेव रोज बांधावर येऊन बसायचा.

"अण्णा, पाणी याच्या वर आलतं का कदी?"

"धरण भरतंय कुटं, मिस्त्री," शहादेव खाली बघत म्हणाला.

तेही खरंच. बीड जिल्ह्यात पाणी जास्त होईल म्हणून भिणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

ते राहायला गेले आणि त्याच वर्षी भादव्यात धरण भरलं. दगड दिसेनासा झाला. मग जोतं बुडालं, ओसरी बुडाली. कय्युम मातीची पोती ओढून दाराशी रचत होता. बोटं सोलली, कंबर धरली, तरी थांबेना. पाणी पोत्यांखालून आत येतच होतं. गुडघाभर पाण्यातून शहादेव आला आणि त्यानं कय्युमचा हात धरला.

"पोती टाकू नका, मिस्त्री. त्यो दगड हलवलेला हाय."

"कुनी हलवला?"

"तुमच्या सासऱ्यानं. ही पट्टी बी धरनातच जात होती. मोजनी झाल्यावर आमी दोघांनी दगड खाली नेलता, ऐंशी पावलं. पोरीला एवढी पट्टी तरी ऱ्हावी म्हनून लई रडलता त्यो. नसीमला कदी कळू देनार न्हाई, असा शब्द घेतलता माझ्याकडनं."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगायसाठीच रोज बांधावर येत होतो," म्हातारा म्हणाला आणि रडायला लागला.

कय्युमनं हातातलं पोतं खाली सोडलं. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या? मेलेल्या माणसाला?

आत नसीम खाटेवर भांडी रचून उभी होती. "पानी आलंच कसं?" ती म्हणाली. "अब्बा सांगायचे, दगडाच्या वर पानी येत न्हाई."

कय्युमनं तिच्याकडे पाहिलं. अब्बांचं नाव घेताना तिचा चेहरा दहा वर्षांच्या पोरीसारखा व्हायचा, तसाच आताही झाला होता.

"माझं माप चुकलं," तो म्हणाला.

"तुमचं?"

"नळीत हवा राह्यली असंल." पहिल्या दिवसाचा बिगारीसुद्धा हवा काढल्याशिवाय नळी धरत नाही.

"एकच घर मागितलं होतं तुमच्याकडं," ती म्हणाली. "अब्बा असते, तर त्यांनी असं होऊ दिलं नसतं."

"व्हय," कय्युम म्हणाला. त्यानं गादीची वळकटी डोक्यावर घेतली आणि तिला धरायला हात पुढे केला.